सौरवीज, घरगुती : खर्च (बेळगाव–निपाणी सीमाभाग)

घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवून वीज तयार करणे, ती इन्व्हर्टरमधून घरात वापरणे आणि उरलेली नेट मीटरमार्गे वीजकंपनीच्या तारांत सोडणे, या व्यवस्थेला लागणारा पैसा. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात ही कंपनी म्हणजे हुबळीची हेस्कॉम. हुक्केरी तालुक्यात मात्र 1969 पासून ग्रामीण वीज सहकारी संस्था काम करते. कोगनोळीचा नाका ओलांडून कागलला गेले की महाराष्ट्राची महावितरण सुरू होते. पॅनेल दोन्हीकडे तेच, बसवणारे कारागीरही बहुधा तेच आणि केंद्राचे अनुदानही सारखेच. तरीही ही व्यवस्था घरमालकाला स्वस्त पडेल की महाग, याचे उत्तर नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे वेगळे येते. म्हणून 'किलोवॅटला किती?' एवढेच विचारून भागत नाही. त्याआधी आपल्या मीटरवरचे बारा महिन्यांचे युनिट पाहावे लागतात.

तरी दरपत्रकापासूनच सुरुवात करू. फेब्रुवारी 2024 मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. तिने पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 50,000 आणि तिसऱ्याला 45,000 रुपये हा आधार धरला. पहिल्या दोनवर 60 टक्के आणि तिसऱ्यावर 40 टक्के, म्हणजे 30,000, 30,000 आणि 18,000 असे अनुदान ठरले. 78,000 ही कमाल मर्यादा आहे. पाच किलोवॅट बसवले तरी अनुदान तेवढेच मिळते. या हिशेबाने 3 किलोवॅटला घरमालकाच्या पदरचे 67,000 रुपये लागायला हवेत. प्रत्यक्षात दरपत्रक किलोवॅटला 50 ते 70 हजारांचे येते. या फरकाला कंत्राटदाराची हाव हे एकच कारण नसते. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातले सेलही भारतात बनलेले असावे लागतात आणि असे पॅनेल आयात सेलच्या पॅनेलपेक्षा महाग पडते. खाली कपडे वाळवण्यापुरती जागा राहावी म्हणून स्ट्रक्चर उंच घेतले की लोखंड वाढते. बेळगावच्या जुन्या पेठांतल्या मंगलोरी कौलांवर तर आधी वासे तपासून घ्यावे लागतात. 22 सप्टेंबर 2025 पासून सौर साहित्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे. त्याआधीचे दरपत्रक हातात असेल तर ते नव्याने मागवावे. आणखी एक गोष्ट दरपत्रकात ठळक दिसत नाही. अनुदान व्यवस्था सुरू होऊन तपासणी झाल्यावर खात्यात जमा होते. तोवर पूर्ण रक्कम घरमालकाला स्वतः उभी करावी लागते, किंवा बँकेचे कर्ज काढावे लागते.

आता मीटरकडे वळू. एक किलोवॅटपासून वर्षाकाठी सुमारे 1,400 युनिट मिळतात, म्हणजे 3 किलोवॅटपासून महिन्याला सरासरी 350. ही सरासरी आहे, हे विसरू नये. बेळगाव-खानापूरच्या जून ते सप्टेंबरच्या झडीत उत्पादन बरेच घसरते आणि मार्च-एप्रिलमध्ये ते भरून निघते. या व्यवस्थेचा खर्च 1,80,000 धरला तर अनुदान वजा जाता 1,02,000 उरतात. महिन्याला 350 युनिट वापरणाऱ्या कागलच्या घराला महावितरणचे टप्प्यांचे दर लागतात. 2024-25 मध्ये शंभराच्या वरचे युनिट वहन आकारासह 11 रुपयांच्या पुढे होते, त्यामुळे कर धरून महिन्याला चार हजारांच्या आसपास वाचतात आणि रक्कम अडीच वर्षांच्या आत फिटते. तेवढीच वीज वापरणाऱ्या निपाणीच्या घराला एप्रिल 2024 पासून सरसकट 5.90 रुपयांचा दर होता. तिथे बचत सव्वादोन हजारांची, आणि रक्कम फिटायला चार वर्षे. स्थिर आकार दोन्हीकडे भरावा लागतोच.

खरा फरक पडतो तो लहान घरांत. 2023 च्या जुलैपासून कर्नाटकात गृहज्योती योजना लागू आहे. 2022-23 चा सरासरी वापर अधिक 10 टक्के एवढी वीज, 200 युनिटांच्या मर्यादेत, घराला फुकट मिळते. वापर 200 च्या वर गेला की त्या महिन्याचे पूर्ण बिल येते. शून्य बिल येणाऱ्या 120 युनिटांच्या घराने 2 किलोवॅट बसवले तर त्याची बचत जवळजवळ शून्यच राहते, मग अनुदान कितीही मिळो. अशा घराने आज पैसे गुंतवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दर महिन्याला 220-250 युनिट जाळणाऱ्या घराची गोष्ट वेगळी. त्याची सवलत तशीही गेलेलीच असते, आणि 2 किलोवॅटसाठी पदरचे साठ-सत्तर हजार घातले तर ते चार वर्षांच्या आसपास परत मिळतात.

यावर म्हटले जाते की फुकट वीज कायमची नाही, उद्या योजना बंद झाली तर? शंका रास्त आहे. पण पॅनेलच्या किमती गेल्या दशकात एकूणात बऱ्याच उतरल्या आहेत, तेव्हा थांबणाऱ्याचे नुकसान फारसे होत नाही. धोका आहे तो केंद्राचे अनुदान आटण्याचा. दुसरा आक्षेप असा की घराला वीज लागत नसेल तर ती विकावी. 2013 मध्ये कर्नाटकच्या वीज नियामक आयोगाने विनाअनुदान छतावरच्या विजेला युनिटमागे 9.56 रुपये दिले होते, तेव्हा हा विचार बरोबर होता. आज उरलेल्या युनिटला मिळणारा दर विकत घेण्याच्या दराहून बराच कमी आहे, त्यामुळे गरजेपेक्षा मोठी व्यवस्था हा धंदा ठरत नाही. वीज जाते म्हणून सौर घ्यावे, हा समज तर सर्वांत महागात पडतो. साधी नेट मीटरची व्यवस्था लाइन गेली की लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या सुरक्षेसाठी आपोआप बंद होते, भर दुपारीसुद्धा. त्या वेळी दिवे हवे असतील तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते. बॅटरीला वेगळे अनुदान नाही, आणि पॅनेलची हमी 25 वर्षांची असली तरी बॅटरी तेवढी टिकत नाही.