सोनाळा : पीकपोषण व भूजल

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा व वाळूचा थर, म्हणजे बझाडा पट्टा, या पायथ्याशी पसरला आहे. पाणी त्यात झपाट्याने मुरते. भूजल पुनर्भरणाला हे वरदान, पण विरघळलेले खतही त्याच वाटेने खाली जाते. दक्षिणेस पूर्णेकाठी खारपाणपट्टा सुरू होतो. तिथे गोडे पाणी मुळातच दुर्मीळ.

युरियात ४६ टक्के नत्र असते. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो. पिकाने न उचललेल्या नत्राचे नायट्रेट होते. मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत, म्हणून ते पाण्याबरोबर झिरपते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट दाट होते.

कपाशीला सगळा युरिया एकदम फेकणे ही खरी उधळपट्टी. मातीपरीक्षण करून, ओल पाहून हप्त्याहप्त्याने द्यावा. ओळीलगत पेरून डवऱ्याच्या फेराने मातीआड करावा. आभाळ भरून आले असेल तर गोणी घरातच बरी. ठिबक असल्यास खत थेट मुळांशी देता येते. पाणी मात्र बेताने सोडावे.