घनकचरा स्थळावरील देखरेख : ऐतिहासिक वाटचाल आणि नांदुरा परिसर

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरील शहर कापसाच्या काळ्या जमिनीत वसलेले आहे. तालुक्याचा पूर्णाकाठचा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथे गोड्या पाण्याची वानवा असते. अशा प्रदेशात कचरा डेपोवरील देखरेख हा केवळ शहराच्या शोभेचा प्रश्न राहत नाही. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीतून पहिल्या पावसाबरोबर कचऱ्यातील दूषित पाणी खाली उतरल्यास गोड्या पाण्याचा उरलासुरला आधारही धोक्यात येतो. या देखरेखीचा इतिहास पाहता असे दिसते की, प्रशासनाची दृष्टी प्रथम रस्त्याकडे, नंतर कचऱ्याकडे, त्यानंतर जमीन व पाण्याकडे आणि सर्वांत शेवटी सफाई कामगाराच्या शरीराकडे वळली. प्रस्तुत लेखात या क्रमाचा मागोवा घेतला आहे.

वऱ्हाडातील नगरप्रशासन

१९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या प्रशासनाला जोडला गेला. पुढे या प्रदेशातील नगरपालिकांना १९२२ चा मध्य प्रांत व वऱ्हाड नगरपालिका अधिनियम लागू झाला. महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर त्याची जागा १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाने घेतली. रस्ते झाडणे व केरकचरा उचलणे हे नगरपालिकेचे कर्तव्य मानले गेले. या व्यवस्थेत भर कचरा वस्तीबाहेर नेण्यावर होता. साहजिकच देखरेख म्हणजे मुख्यतः मुकादमाची हजेरी आणि स्वच्छता निरीक्षकाची फेरी, असा अर्थ रूढ झाला.

इंदूर पद्धती : कचऱ्याकडे वळलेली दृष्टी

कचऱ्याकडे संपत्ती म्हणून पाहण्याचा शास्त्रीय प्रयत्न कापसाच्याच निमित्ताने झाला, ही बाब लक्षणीय आहे. इंदूर येथील वनस्पती उद्योग संस्थेत सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्ट खताची पद्धती विकसित केली. यशवंत वाड हे त्यांचे सहकारी व १९३१ च्या ग्रंथाचे सहलेखक होते. पुढे जॅक्सन व वाड यांनी हीच पद्धती शहरी कचरा व मैल्यासाठी वापरली आणि १९३४ मध्ये तिचे विवेचन प्रसिद्ध केले.

या पद्धतीत देखरेखीचा अर्थच बदलला. ढिगातील ओलावा, उष्णता व हवा यांवर लक्ष ठेवणे आणि ठरावीक अंतराने ढीग उलटणे आवश्यक होते. ढीग तापल्याने माश्यांच्या अळ्या व रोगजंतू नष्ट होत. साधारण तीन महिन्यांत खत तयार होई. दुर्गंधी सुटली की हवा कमी पडली, असे समजावे. १९३९ मध्ये सी. एन. आचार्य यांनी बंगळूर पद्धती मांडली. तीत खड्ड्यातील थर मातीने झाकत असल्याने उलटण्याचे श्रम वाचत. मात्र खत तयार होण्यास अधिक काळ लागे. कालांतराने रासायनिक खतांचा प्रसार झाला, कचऱ्यात प्लास्टिक मिसळले आणि शहर व शेत यांना जोडणारा हा दुवा दुबळा झाला.

नियमांचा काळ

अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेनंतर या प्रश्नाला राष्ट्रीय स्वरूप आले. २५ सप्टेंबर २००० रोजी नागरी घनकचऱ्याचे नियम अधिसूचित झाले. क्षेपणभूमीवरील कचरा दररोज किमान १० सेंटिमीटर मातीने किंवा तत्सम निष्क्रिय पदार्थाने झाकावा, पावसाळ्यापूर्वी ४० ते ६५ सेंटिमीटरचा थर द्यावा आणि भूजलाची पातळी तळापासून किमान २ मीटर खाली असावी, असे त्यांत नमूद होते. जमीन व पाणी प्रथमच एवढ्या तपशिलाने देखरेखीच्या कक्षेत आले. तथापि नियम आणि व्यवहार यांतील अंतर किती घातक ठरते, हे जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतील देवनार क्षेपणभूमीला लागलेल्या आगीने दाखवून दिले.

कामगाराचा उशिरा झालेला विचार

सफाई कामगारांच्या जीवनमानाच्या चौकशीसाठी तत्कालीन मुंबई सरकारने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली होती. तिचा अहवाल १९५२ मध्ये आला. तरीही कचरा स्थळाच्या नियमांत हा विचार क्षीणच राहिला. २००० च्या नियमांनी हाताने कचरा हाताळण्यास मनाई केली. परंतु ते अपरिहार्य असल्यास योग्य दक्षता घ्यावी, एवढेच म्हटले. ही दक्षता कोणती, याचा खुलासा २०१६ च्या नियमांत आला. गणवेश, चमकणारे जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे व मुखपट्टी पुरविण्याची जबाबदारी त्यांत निश्चित झाली. जातीने लादलेल्या या कामात कामगाराचा क्रम शेवटचा लागावा, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून स्पष्ट होते की, देखरेखीचे हे चारही अर्थ परस्परपूरक आहेत. ओला कचरा वेगळा न झाल्यास खत होत नाही. खत न झाल्यास ढीग वाढतो. ढीग उघडा राहिल्यास पाणी दूषित होते आणि या सर्वांची झळ प्रथम कामगाराला बसते. नांदुऱ्यासारख्या शहराच्या दृष्टीने मृग नक्षत्रापूर्वीचे दिवस निर्णायक ठरतात. त्या दिवसांत डेपोवर मातीचा थर पडला की नाही आणि तो टाकणाऱ्या हातांत मोजे होते की नाही, या दोन नोंदींवरून तेथील देखरेखीची खरी पारख होऊ शकेल.