हवाई छत्री आणि दक्ष यंत्र

आलापल्लीच्या सागवानी रानात उन्हाळ्याच्या तोंडी सावरीची बोंडे फुटतात आणि त्यांतील बी कापसाच्या पुंजक्यावर तरंगत हलकेच भुईवर येते. त्या बियास दोर ओढावा लागत नाही, की वेळ साधावी लागत नाही. मनुष्याचे तसे नाही. आकाशातून उडी घेणाऱ्या मनुष्याची छत्री कोणी तरी उघडावी लागते. हे ‘कोणी तरी’ कोण, ह्या एका प्रश्नाभोवती हवाई छत्रीचा इतिहास बराचसा फिरलेला आहे.

विमानातून मोकळे पडणारा मनुष्य बेशुद्ध होईल, निदान त्याचे हात त्याच्या स्वाधीन राहणार नाहीत, अशी पहिल्या महायुद्धापर्यंत जाणत्या लोकांचीही समजूत होती. 28 एप्रिल 1919 रोजी अमेरिकेतील डेटन येथे लेस्ली अर्विन ह्याने विमानातून उडी टाकून, पडता पडता स्वतःच्या हाताने दोर ओढला आणि ती समजूत खोटी ठरविली. जमिनीवर टेकताना त्याचा घोटा मोडला, ही गोष्ट वेगळी. सैन्याने मात्र हा भार शिपायाच्या हातावर टाकला नाही. विमानास जोडलेली पट्टीच छत्री उपसून काढते. 11 डिसेंबर 1971 रोजी टांगाइलवर उतरलेली दुसरी पॅरा पलटण अशाच पट्टीच्या भरवशावर उतरली. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी, हे आपल्या श्रोत्यांस सांगितले पाहिजे.

पण पट्टी तोडून जो मोकळा पडतो, त्याचे काय? त्याचा हात न चालला तर? सोव्हिएत रशियात दोरोनिन बंधूंनी 1930 नंतरच्या दशकातच घड्याळ व हवेचा दाब ह्यांच्या साह्याने छत्री उघडणारे यंत्र सिद्ध केले होते. तथापि पुष्कळ वर्षे अनुभवी उडीबहाद्दर अशा यंत्रांकडे संशयानेच पाहत. नको तेव्हा उघडणारी छत्री न उघडणाऱ्या छत्रीइतकीच घातक, असे ते म्हणत, आणि त्यात तथ्य होते. 1991 साली जर्मनीच्या हेल्मुट क्लोट ह्यांचे ‘सायप्रेस’ नावाचे विद्युत्-यंत्र बाजारात आले, तेव्हा हा संशय हळूहळू मावळू लागला.

त्याचे काम सांगावयास सोपे आहे. हवेच्या दाबावरून ते उंची व पडण्याचा वेग सतत मोजीत असते. जमिनीपासून सुमारे 225 मीटरांवर येऊनही वेग सेकंदास 35 मीटरांहून अधिक असेल, तर मालकाचे भान हरपले आहे किंवा त्याचा काही घोटाळा झाला आहे, असे ते धरून चालते. मग एक लहानशी स्फोटक कातर राखीव छत्रीचा बंद कापते आणि छत्री बाहेर पडते. मोकळ्या पडणाऱ्या माणसास तेथून भुई अवघी चार सेकंद दूर असते!

2014 साली ऑस्ट्रेलियात पर्थजवळ एका शिकाऊ तरुणास उडीमध्येच फेफरे आले. शुद्ध हरपून तो पालथा-उताणा होत खाली जात असता त्याच्या शिक्षकाने हवेत त्यास गाठून त्याची छत्री उघडली. पहिल्या प्रयत्नात हात पोहोचला नाही, दुसऱ्यांदा पोहोचला. तरुण शुद्धीवर येऊन सुखरूप उतरला. तो हात दुसऱ्यांदाही चुकला असता तर? खाली यंत्र जागे होतेच, पण जागे यंत्र पाठीशी आहे म्हणून शिक्षकाने प्रयत्न सोडला नाही.

यंत्र जागे असले तरी ते आंधळे आहे. विमान जेथून उठले ती भुई त्याचे शून्य. आलापल्लीच्या सखल रानात शून्य लावून कोणी साडेतेराशे मीटर उंचीच्या महाबळेश्वरावर उडी घेईल, तर यंत्राच्या लेखी भुई अजून फार खाली असेल आणि ते मुकाट राहील. महाबळेश्वराचे शून्य घेऊन आलापल्लीवर आला, तर हजार मीटर आधीच राखीव छत्री सुटेल. म्हणून उतरण्याच्या जागेचा फरक त्यास आधी सांगून ठेवावा लागतो. सागाच्या शेंड्यांची उंची तर त्यास कळतच नाही.

दुसरा धोका सूक्ष्म आहे. मनुष्याने मुख्य छत्री उशिरा उघडली आणि ती भरावयास वेळ लागला, तर वेग कमी होण्याआधीच यंत्राची रेषा येते. मग दोन्ही छत्र्या एकदम हवेत! कधी त्या शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने चालतात, तर कधी परस्परांपासून दूर ओढीत दोन्ही तोंडे जमिनीकडे करतात. अमेरिकेच्या उडीसंघटनेने 2013 साली अनुभवी मंडळींसाठी छत्री उघडण्याची किमान उंची 2,000 फुटांवरून 2,500 फुटांवर नेली. यंत्राची रेषा व मनुष्याचा हात ह्यांत अंतर राहावे, हा तिचा हेतू. जुन्या जाणत्यांपैकी काहींना ते पाचशे फूट आपल्या कौशल्याचा अपमान वाटले.