गावात घर घेताना नमुना 8 वर विसंबू नका
तालुक्याच्या गावात विकाऊ घर जाहिरातीपेक्षा तोंडोतोंडीच सापडतं. बाजारच्या दिवशी चहाच्या टपरीवर कळतं, नाहीतर एजंट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकतो. घर पसंत पडलं की मालक ग्रामपंचायतीचा नमुना 8 दाखवतो अन् लगेच इसार मागतो. इथंच थांबावं. नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. खरेदीखत, सूची 2 आणि सातबारा किंवा मालमत्ता पत्रक मागावं. सातबाऱ्याच्या इतर हक्कात बँकेचा, सोसायटीचा बोजा दिसतो. घर वडिलोपार्जित असेल तर बहिणींचाही हिस्सा असतो. 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू कुटुंबात मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाला. वारस नोंदीत त्यांची नावं आहेत का, हे भावकीत विचारावं. एजंट ते आपणहून सांगत नाही.