रणांगणावरील श्रवण : पहिल्या महायुद्धातील तोफांचा ध्वनिशोध

१९१४ च्या अखेरीस पश्चिम आघाडीवरील युद्ध खंदकांत स्थिरावले आणि सैनिकाच्या दृष्टीला मर्यादा पडल्या. शत्रूच्या तोफा काही किलोमीटर दूर, उंचवट्यांआड लपलेल्या असत. अशा परिस्थितीत कान हेच सैनिकाचे प्रमुख साधन ठरले. येणाऱ्या गोळ्याच्या आवाजावरून तो जवळ पडणार की दूर, याचा अंदाज अनुभवी सैनिक बांधीत. नवख्यांना हे ज्ञान जीव धोक्यात घालूनच मिळवावे लागे.

परंतु स्वतःचा बचाव करणे आणि शत्रूची तोफ नेमकी शोधणे या भिन्न गोष्टी होत. ध्वनीपेक्षा वेगवान गोळ्यामुळे हवेत कर्कश आघाततरंग निर्माण होतो. तोफेचा खोल, मंद नाद त्यामागून येतो. तोफेचे स्थान या दुसऱ्या ध्वनीवरून कळते. तत्कालीन मायक्रोफोन मात्र पहिल्यालाच अधिक प्रतिसाद देत. १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्याने ही समस्या पंचवीस वर्षीय भौतिकशास्त्रज्ञ विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांच्याकडे सोपविली. त्याच वर्षी त्यांना वडिलांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी त्यांचे बंधू रॉबर्ट गॅलिपोली मोहिमेत मृत्युमुखी पडले.

तोफ उडताच झोपडीच्या भिंतीतील छिद्रांतून थंड झुळूक येते, हे ब्रॅग यांचे सहकारी विल्यम टकर यांनी हेरले. त्यातून १९१६ मध्ये तापविलेल्या बारीक प्लॅटिनम तारेचा मायक्रोफोन सिद्ध झाला. मंद नादाच्या दाबाने तार थंड होऊन तिचा विद्युतरोध बदले. कर्कश आवाजांचा तिच्यावर फारसा परिणाम होत नसे. ओळीने मांडलेल्या सहा मायक्रोफोनपर्यंत नाद पोहोचण्याच्या वेळांतील फरक फिल्मवर नोंदला जाई व त्यावरून तोफेचे स्थान नकाशावर निश्चित होई. वारा प्रतिकूल असल्यास मात्र ही पद्धत निष्प्रभ ठरे.

२० नोव्हेंबर १९१७ रोजी कांब्रे येथे सुमारे एक हजार ब्रिटिश तोफांनी नेम साधण्याचा पूर्वमारा न करता अकस्मात भडिमार केला. शत्रूच्या तोफांची स्थाने आधीच हेरण्यात ध्वनिशोधाचा महत्त्वाचा वाटा होता.

तथापि यंत्राने मानवी कानाची जागा पूर्णतः घेतली, असे म्हणता येत नाही. फिल्म अखंड चालविणे शक्य नव्हते. मायक्रोफोनच्याही पुढे, शत्रूच्या समीप बसलेला सैनिक तोफेचा आवाज ऐकून कळ दाबी, तेव्हाच यंत्र सुरू होई. ध्वनिशोधाच्या इतिहासात ब्रॅग व टकर यांच्याबरोबरच या अनाम श्रोत्याचीही नोंद होणे आवश्यक आहे.