वही कोणाच्या हाती?

१९६५ च्या बोनस कायद्यात ताळेबंदासंबंधी एक कलम होते. कंपनीचा तपासलेला ताळेबंद न्यायाधिकरणाने खरा धरावा. मात्र कामगार संघटनेस एखाद्या बाबीचा खुलासा हवा असल्यास तिने अर्ज करावा, आणि न्यायाधिकरणास गरज पटली तर कंपनीने तो दिलाच पाहिजे. आम्हां चळवळीतल्या माणसांना या कलमाचे मोल ठाऊक आहे. नफ्यातोट्याची गोष्ट मालकाच्या तोंडून ऐकणे निराळे आणि वही उघडून पाहणे निराळे. इंटरनेटवरील असत्याचा शोध घेणाऱ्या विद्वानांचा इतिहास आम्ही वाचू लागलो, तेव्हा तेथेही हाच वहीचा तंटा आम्हांस आढळला.

हा शोध भरास आला तो वही उघडी होती तोवर. अमेरिकेतील एम.आय.टी. संस्थेच्या वोसुघी, रॉय व अरल या तिघांना ट्विटरने आपले जुने दप्तर पाहू दिले. २००६ ते २०१७ या काळात सुमारे ३० लाख लोकांनी पसरविलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा माग त्यांनी काढला. मार्च २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: खोटी बातमी पुढे धाडली जाण्याचा संभव खरीहून ७० टक्क्यांनी अधिक. यांत्रिक खाती खरेखोटे सारखेच पसरवीत होती; खोट्याला पाय दिले ते माणसांनीच.

त्याच वर्षी, १ जुलै रोजी, आपल्या धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात त्या असत्याचे मोल रक्ताने मोजावे लागले. मुले पळविणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. अशा अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात, एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, असे बंधन जाहीर केले. एप्रिल २०२० मध्ये, फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी, असा नियम झाला. त्याने असे संदेश ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीने सांगितले. नियम चांगलाच होता. परंतु आकडा कंपनीचा आणि वहीही कंपनीची. परक्याने तो पडताळावा कसा? कोणाची खासगी पत्रे वाचावीत, असे आमचे म्हणणे नाही. पण टपालाच्या थैल्या मोजणे म्हणजे पत्रे फोडणे नव्हे.

पुढे तर उघड्या वह्याही मिटू लागल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये फेसबुकने, खासगीपणाचे कारण देऊन, राजकीय जाहिराती तपासणाऱ्या न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांची खाती बंद केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्विटरने आपल्या दप्तरातील माहिती फुकट देणे थांबविण्याची घोषणा केली. कोणता जाहीर मजकूर किती पसरतो हे दाखविणारे क्राउडटँगल हे साधन मेटा कंपनीने १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केले.

यावर उपाय युरोपीय संघाने २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यात केला. युरोपात दरमहा साडेचार कोटी वा अधिक लोक ज्या मंचाचा वापर करतात, त्याने मान्यताप्राप्त संशोधकांना माहिती दिली पाहिजे. डिसेंबर २०२५ मध्ये एक्स, म्हणजे पूर्वीचे ट्विटर, या कंपनीस १२ कोटी युरो दंड झाला. त्याच्या तीन कारणांत संशोधकांची अडवणूक हे एक होते.

मेहरबानीने उघडलेली वही मर्जी फिरताच मिटते, हे कामगारांनी अनुभवाने जाणले आणि म्हणूनच कायदा मागितला. राईनपाड्यापर्यंत अफवा कोणत्या वाटेने पोचते, हे जाणण्याचा हक्क गावाला आहे. तो आपण मागितल्यावाचून कोणी आणून देणार नाही.