यान : एका नावाचा इतिहास

मराठीत ‘यान’ म्हणजे वाहन. बाल्टिक समुद्राच्या काठी वसलेल्या एस्टोनिया देशात मात्र ‘यान’ हे पुरुषाचे नाव आहे. आपल्या खेड्यात ‘रामा’ अशी हाक दिली तर दोन-चार माणसे मागे वळून पाहावीत, तितके ते तिकडे घरगुती आहे. शेतकरी, वकील, कवी, क्रांतिकारक, मल्ल अशा सर्व थरांतील माणसांनी ते धारण केले. एखाद्या राष्ट्राचा इतिहास राजांच्या वंशावळीवरून सांगण्याची रीत जुनी आहे. पण ज्या राष्ट्राला सात शतके स्वतःचा राजा लाभला नाही, त्याचा इतिहास अशा एखाद्या साध्या नावाच्या आधारानेच अधिक खरेपणाने सांगता येतो.

एस्टोनिया हा देश लहान. त्याची लोकसंख्या 13 लाखांहून थोडी अधिक, म्हणजे गोव्याहूनही कमी. तेथील भाषा फिनलंडच्या भाषेची बहीण आहे. शेजारच्या जर्मन वा रशियन भाषांशी तिचे कुळ जुळत नाही. असे असूनही ‘यान’ हे नाव मुळात त्या भाषेचे नव्हेच. त्याचा उगम पॅलेस्टाइनच्या भूमीत आहे. परमेश्वर कृपाळू आहे, अशा अर्थाच्या एका हिब्रू नावाचे ग्रीक व लॅटिन भाषांतून ‘योहानेस’ झाले. मराठी बायबलात तेच ‘योहान’, इंग्रजीत ‘जॉन’, रशियनात ‘इव्हान’ आणि पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलेले व कोकणी जिभेवर रुळलेले ‘जुवांव’. एस्टोनियन लोकांनी त्याची ‘यान’, ‘युहान’, ‘आन्त्स’ अशी अनेक रूपे केली. पण सर्वांत सुटसुटीत रूप ‘यान’ हेच.

हे नाव त्या देशात आले ते तरवारीच्या सावलीत. तेराव्या शतकाच्या आरंभी रीगा येथील बिशप आल्बर्ट यांच्या नेतृत्वाखाली जर्मन धर्मयोद्धे उत्तरेकडे सरकले. 1219 मध्ये डेन्मार्कच्या राजाने टॅलिनच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविले. त्यापूर्वीच, 1217 मध्ये, साकाला प्रांताचा नायक लेम्बितू रणांगणावर पडला होता. 1227 पर्यंत सारा देश जिंकला गेला. हेन्री नावाच्या धर्मगुरूने या मोहिमांचा वृत्तांत लॅटिन भाषेत लिहून ठेवला आहे. तो विजेत्यांच्या बाजूचा. तरीही त्याने एक गोष्ट लपविली नाही. 1223 च्या उठावात एस्टोनियन लोकांनी आपली अंगे आणि आपली घरे पाण्याने धुऊन काढली, हेतू असा की, बळाने दिलेला बाप्तिस्मा त्या पाण्याबरोबर वाहून जावा.

बाप्तिस्मा धुऊन टाकण्याचा हा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांच्याच वंशजांनी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे नाव पुढे इतक्या प्रेमाने आपल्या मुलांना ठेवावे, हे नवल आहे. त्याचे एक कारण पंचांगात सापडते. संत योहानाचा जन्मदिन नाताळच्या सहा महिने आधी, 24 जून रोजी येतो. उत्तरेकडील देशांत हा उन्हाळ्याचा परमोच्च काळ. रात्र जेमतेम काही तासांची, आणि तीही पुरती काळोखी नव्हे. त्या रात्री होळ्या पेटविण्याची चाल ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीपासूनची होती. धर्म बदलला, होळी राहिली, आणि तिला योहानाचे नाव मिळाले. आजही एस्टोनियात त्या रात्री गावोगावी ‘यानची आग’ पेटते आणि तरुण मंडळी तिच्यावरून उड्या मारतात. गोव्यात याच दिवशी सांजांव साजरा होतो. डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालून तरुण भर पावसात विहिरीत उड्या घेतात आणि नव्या जावयाचे कौतुक होते. तिकडे आग, इकडे पाणी. संत मात्र एकच. ज्या नावाबरोबर वर्षाचा सर्वांत आनंदाचा दिवस आला, ते नाव परके राहणे शक्यच नव्हते.

नाव आपले झाले, तरी माणूस मात्र दुसऱ्याचा राहिला. जर्मन जमीनदारांच्या जहागिरींवर एस्टोनियन शेतकरी भूदास म्हणून राबत होता. पुढे स्वीडिश राज्य आले, मग रशियन झारचे आले. जमीनदार तेच राहिले. भूदासाला आडनाव नसे. तो ज्या शेतवाडीवर राबे, तिचे नाव त्याच्या नावाआधी लागे. टेकडीवरच्या वाडीचा तो ‘टेकडीचा यान’. वाडी बदलली की त्याची ओळखही बदले. उत्तर भागात 1816 साली आणि दक्षिण भागात 1819 साली भूदासपद्धती रद्द झाली, परंतु जमीन शेतकऱ्याच्या हाती आली नाही. त्यानंतरच्या दोन दशकांत या लोकांना आडनावे देण्यात आली, तीही अनेकदा जमीनदाराच्या किंवा पाद्र्याच्या मर्जीने. शिकलेसवरलेले एस्टोनियन तर स्वतःला ‘योहान’ असे जर्मन थाटात म्हणवू लागले. जणू ‘यान’ हे नाव नांगराला शोभते, लेखणीला नव्हे!

ही समजूत मोडण्यास आरंभ झाला तो एका शिक्षकाच्या हातून. योहान वोल्देमार यान्सेन हे त्यांचे नाव. पहिले नाव जर्मन घाटाचे, आणि आडनावात मात्र ‘यानचा पुत्र’ दडलेला. 1857 साली त्यांनी प्यार्नू गावी साप्ताहिक काढले. तोवर हे लोक स्वतःला नुसते ‘मातीतले लोक’ म्हणवीत. यान्सेन यांनी त्यांना ‘एस्टोनियन जनता’ म्हणून संबोधिले. 1869 साली तार्तू येथे पहिला राष्ट्रीय गीतमहोत्सव भरला तो त्यांच्याच पुढाकाराने, आणि पुढे राष्ट्रगीत ठरलेले शब्दही त्यांचेच. त्या पिढीने मुलांना लेम्बित, कालेव अशी पुराणी नावे हौसेने ठेवण्याचा पायंडा पाडला. तथापि ‘यान’ला कोणी परके म्हणून टाकले नाही. सहा शतके घाम गाळून ते नाव या मातीचे झाले होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे नाव एकदम इतिहासाच्या व्यासपीठावर आले. एक यान नव्हे, तीन यान. आणि तिघांच्या वाटा निराळ्या.

पहिले यान तोनिस्सोन. 1868 साली विल्यांदीजवळ एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तार्तू येथे कायद्याचे शिक्षण घेऊन 1896 पासून त्यांनी ‘पोस्तिमेस’ या वृत्तपत्राची सूत्रे हाती घेतली. राष्ट्र लहान असेल तर त्याने नीतीने मोठे व्हावे, ही त्यांची धारणा. 1906 साली ते रशियाच्या पहिल्या द्यूमात निवडून गेले; झारने ती सभा बरखास्त केली तेव्हा निषेधाच्या पत्रकावर सही केल्याबद्दल त्यांनी तुरुंगवासही भोगला.

दुसरे यान पोस्का. जन्म 1866 चा. बहुसंख्य एस्टोनियन ल्यूथरपंथी, तर पोस्का यांचे घराणे ऑर्थोडॉक्स पंथाचे. परंतु ‘यान’ या नावाला पंथाची अडचण कधी नव्हतीच. वकिली करता करता 1913 साली ते टॅलिनचे नगराध्यक्ष झाले, आणि 24 फेब्रुवारी 1918 रोजी एस्टोनियाने स्वातंत्र्य पुकारल्यावर परराष्ट्रमंत्री.

तिसरे यान आन्वेल्त. 1884 साली जन्मलेले हे गृहस्थ बोल्शेव्हिक झाले. स्वतंत्र एस्टोनियाशी लाल सेनेचे युद्ध सुरू होताच, 1918 च्या नोव्हेंबरात नार्वा येथे स्थापन झालेल्या कामगार-शासनाचे ते प्रमुख होते.

म्हणजे एकाच नावाची माणसे समरांगणाच्या दोन्ही बाजूंना उभी होती. युद्धाचा निकाल एस्टोनियाच्या बाजूने लागला. 23 जून 1919 रोजी, नेमकी यानच्या होळीच्या दिवशी, व्यन्नूजवळ जर्मन लांडेसव्हेअरचाही पराभव झाला. तो दिवस 1934 पासून विजयदिन ठरला. पुढे 2 फेब्रुवारी 1920 रोजी तार्तू येथे सोव्हिएत रशियाशी तह झाला. त्या वेळी सरकारचे प्रमुख होते यान तोनिस्सोन आणि तहाची बोलणी करून सही करणारे यान पोस्का. एस्टोनियावरील आपले सर्व हक्क रशियाने कायमचे सोडले, असे त्या तहात लिहिले गेले; शिवाय दीड कोटी सुवर्ण रूबल देण्याचे मान्य झाले. भूदासांच्या नावाची दोन माणसे झारच्या साम्राज्याच्या वारसांकडून स्वतःच्या देशाचा लेखी दाखला घेत होती! पोस्का यांना ते यश फार दिवस पाहता आले नाही. 7 मार्च 1920 रोजी, तहाला सव्वा महिनाही उलटला नव्हता तोच, त्यांचे निधन झाले.

उरलेल्या दोघांचा शेवट अधिक विदारक आहे. आन्वेल्त यांनी 1 डिसेंबर 1924 रोजी टॅलिनमध्ये सशस्त्र उठाव घडवून आणला. तो काही तासांतच फसला. ते सोव्हिएत संघात निसटले आणि तेथे कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीय संघटनेत अधिकारपदावर चढले. 1937 साली स्तालिनच्या राजवटीने त्यांनाच अटक केली आणि कोठडीतच त्यांचा अंत झाला. तोनिस्सोन यांनी 1934 साली पॅट्स यांच्या एकतंत्री कारभाराला विरोध केला, तेव्हा त्यांचे वृत्तपत्र त्यांच्या हातून गेले. 1940 मध्ये सोव्हिएत सैन्याने देश व्यापला, तेव्हा सत्तरी उलटलेला हा वृद्ध लेचापेचा न होता निवडणुकीत विरोधी उमेदवार उभे करण्याच्या खटपटीला लागला. त्याच वर्षी त्यांना पकडण्यात आले. त्यांचा मृत्यू नक्की कोठे झाला, त्यांना कोठे पुरले, याचा पत्ता आजतागायत नाही. आयुष्यभर परस्परांविरुद्ध उभे असलेले दोन यान शेवटी एकाच सत्तेच्या अंधारकोठडीत नाहीसे झाले. ज्याने त्या सत्तेची वाट मोकळी करण्यासाठी शस्त्र उचलले त्यालाही तिने सोडले नाही, आणि ज्याने ती वाट अडविली त्यालाही नाही.

पण नाव पुरता येत नाही. तार्तूच्या तहानंतर बरोबर सतरा दिवसांनी, 19 फेब्रुवारी 1920 रोजी, टॅलिनमध्ये आणखी एक यान जन्मला होता. यान क्रॉस हे त्याचे नाव. त्याला 1944 साली जर्मनांनी तुरुंगात टाकले आणि 1946 साली सोव्हिएत अधिकाऱ्यांनी. आठ वर्षे उत्तरेतील छावण्यांत आणि सैबेरियातील हद्दपारीत काढून तो 1954 साली परतला. पुढे त्याने ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. खरे बोलावयास बंदी असेल तर गतकाळाच्या मुखाने बोलावे, ही त्याची युक्ती. ‘झारचा वेडा’ ही त्याची 1978 ची कादंबरी, झारला खरे सांगण्याचे वचन पाळल्यामुळे बंदिवासात पडलेल्या एका उमरावाची कथा आहे. वाचकांना तिच्यातील झार ओळखण्यास कष्ट पडले नाहीत. क्रॉस यांनी 1991 ची स्वातंत्र्याची पुनःस्थापना पाहिली, नव्या संसदेचे सभासदत्वही भूषविले, आणि 2007 मध्ये जगाचा निरोप घेतला.

त्यांच्यासमवेत त्या संसदेत यान काप्लिन्स्की हे कवीही होते. त्यांचे पोलिश वडील तार्तू विद्यापीठात शिकवीत. 1941 मध्ये, मुलगा अवघा काही महिन्यांचा असताना, त्यांना पकडून नेले, आणि ते छावणीतच वारले. तो मुलगा मोठा होऊन पौर्वात्य तत्त्वज्ञानाकडे, विशेषतः बौद्ध व ताओ विचारांकडे वळला. आणि 1980 साली, राजवटीच्या दडपशाहीविरुद्ध चाळीस विचारवंतांनी जे प्रकट पत्र लिहिले, त्याच्या कर्त्यांतही तो होता. 1972 च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये वजन उचलून सुवर्णपदक मिळविणारे यान ताल्त्सही एस्टोनियनच. पदकाची नोंद सोव्हिएत संघाच्या खात्यावर झाली; नावाची नोंद मात्र कोणाला पुसता आली नाही. अगदी अलीकडचे उदाहरण यान टॅलिन यांचे. 2003 साली सुरू झालेल्या स्काइप या सेवेच्या निर्मात्या अभियंत्यांपैकी ते एक. ती सेवा 2025 मध्ये बंद झाली. पण परदेशी गेलेल्या लेकरांचे मुख इंदूर-बडोद्याच्या घरांत बसून पाहणाऱ्या कित्येक आईबापांवर त्या दूरच्या यानचे नकळत उपकार झाले आहेत.

बायबलात योहानाच्या बारशाची एक हृद्य कथा आहे. मुलाचे नाव योहान ठेवावयाचे, असे आईने सांगताच नातलग म्हणू लागले की, तुमच्या कुळात या नावाचे कोणीच नाही. मुका झालेल्या बापाने पाटी मागविली आणि तिच्यावर तेच नाव लिहिले. एस्टोनियन लोकांच्या कुळातही हे नाव पूर्वी कोणाचे नव्हते. ते जेत्यांनी आणले. पण पाटीवर ते पुन्हापुन्हा लिहिले ते या लोकांनी, आपल्या अक्षरात आणि आपल्या उच्चारात. नाव कोठून आले यावरून ते आपले की परके हे ठरत नाही; ते कोणी, कसे आणि कोणत्या प्रसंगी वागविले यावरून ठरते. दरवर्षी 23 जूनला एस्टोनियाचे राष्ट्राध्यक्ष विजयदिनाची ज्योत पेटवितात, ती गावोगावी नेली जाते, आणि त्याच संध्याकाळी यानच्या होळ्या पेटतात. त्या उजेडात यान तोनिस्सोन यांची कबर दिसत नाही. त्यांचे नाव मात्र दिसते.